मॅट्रिकच्या पुढची वाट

महोत्सवाचें पुस्तक हातीं पडलें म्हणजे वाचक प्रथम जुने फोटो पाहतो, मग धर्मगुरूंची नामावळी वाचतो, आणि ख्रिस्तमंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, ही हकीकत चवीनें चाळतो. हें योग्यच आहे. ज्यांनीं उन्हातान्हांत पायपीट करून श्रद्धेचें बीं पेरलें त्यांचें स्मरण कृतज्ञतेनें झालें पाहिजे. स्नानसंस्कार, विवाह व मृत्यु यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामांत जपून ठेविलेल्या असतात. परंतु एक वही सहसा कोठेंच सांपडत नाहीं. शाळेची शेवटची परीक्षा उतरल्यावर आपला मुलगा कोठें गेला, आपली मुलगी पुढें काय शिकली, आणि जीं मुलें मागें राहिलीं तीं कशामुळें राहिलीं, याची ती वही. प्रस्तुत लेख त्या न लिहिलेल्या वहीविषयीं आहे.

आमची दृष्टि येथें मुख्यतः हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ या परिसराकडे आहे. त्याला कारणें दोन. एक फार जुनें, दुसरें अगदीं नवें. नवें कारण शेवटीं सांगूं. जुनें आधीं ऐकावें.

औंढ्याचें नागनाथाचें देऊळ सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. संत नामदेव हे हिंगोलीजवळच्या नरसीचे, असें परंपरा सांगते. त्यांची एक कथा वारकरी बांधवांच्या घरोघरीं आहे. संतांचा मेळा बसला असतां तेरच्या गोरोबा कुंभारांनीं हातीं थापटणें घेतलें आणि मडकीं पारखावीं तसें एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें. बाकीचे संत स्वस्थ बसले. नामदेव तेवढे रागावले. तेव्हां हें मडकें कच्चें आहे, असा निवाडा गोरोबांनीं दिला. खिन्न झालेले नामदेव गुरूच्या शोधांत औंढ्यास आले. तेथें देवळांत विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले. पाय काढा, असें नामदेवांनीं म्हणतांच, जेथें देव नाहीं तेथें माझे पाय उचलून ठेव, असें विसोबांनीं उत्तर दिलें. त्या एका वाक्यानें नामदेवांचे डोळे उघडले.

ही कथा ज्या मातीची आहे त्याच मातींत आपण वाढलों. म्हणून तिच्यांतील व्यवहाराचा धडा आपणांसहि घेण्यास हरकत नाहीं. कथेंत कामें दोन आहेत. पारख करणें हें एक काम. पुढची वाट दाखविणें हें दुसरें. शाळेची परीक्षा म्हणजे गोरोबांचें थापटणें होय. मडकें कच्चें कीं पक्कें, एवढें ती सांगते, आणि दरवर्षीं न चुकतां सांगते. परंतु त्या निकालाचा कागद हातीं घेऊन मुलानें कोणत्या दिशेला पाऊल टाकावें, हें सांगण्यास विसोबा लागतो. आमच्या प्रांताचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, थापटणें सर्वांच्या वांट्याला आलें. विसोबा मात्र थोड्यांनाच भेटला.

हिंगोली जिल्हा परभणींतून निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. त्यापूर्वीं, १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत, हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९१८ सालीं निजामानें उस्मानिया विद्यापीठ स्थापिलें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता व त्याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. मराठी मुलाला घरीं एक भाषा, वर्गांत दुसरी आणि विषय म्हणून तिसरी, अशी तिपेडी कसरत करावी लागे. १९२३ सालीं औरंगाबादेस (आतांचें छत्रपती संभाजीनगर) इंटरमीजिएट कॉलेज निघालें. उर्दूचे नामांकित पंडित मौलवी अब्दुल हक हे कांहीं वर्षें तेथें प्रिन्सिपॉल होते. पण इंटर झालें म्हणजे पुन्हा प्रश्न उभा राही; पदवीसाठीं हैदराबाद गांठावें, नाहींतर पुणें, मुंबई किंवा नागपूर जवळ करावें. औंढ्यासारख्या डोंगराळ भागांतील शेतकऱ्याच्या मुलाला हीं नांवें केवळ ऐकून ठाऊक. तेथें राहावें कोठें, खर्च किती, अर्ज कोणाकडे करावा, हें सांगणारा माणूस गांवांत नसे.

अशा वेळीं दार उघडणारा कोणी भेटला तर काय घडतें, याचें उदाहरण १९३८ सालीं दिसलें. त्या वर्षीं औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत वंदे मातरम् गाण्याचा हट्ट धरला, आणि शेंकडों विद्यार्थ्यांना कॉलेज सोडावें लागलें. त्यांचें शिक्षण तेथेंच संपावयाचें. परंतु नागपूर विद्यापीठानें त्यांना जवळ केलें. अशा रीतीनें उस्मानियाचें दार बंद झाल्यावर नागपुरास शिकलेले एक विद्यार्थी, पी. व्ही. नरसिंह राव, १९९१ सालीं भारताचे पंतप्रधान झाले. नागपूरनें त्या वेळीं हात आंखडता घेतला असता तर किती घरांचा इतिहास निराळा झाला असता, याची कल्पना करावी.

याच नागपुराशीं आपल्या ख्रिस्तसभेचाहि जुना संबंध आहे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं स्थापन झाला, आणि संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवानें चालणाऱ्या संघाच्या मिशनऱ्यांनीं तेथून आपला व्याप वाढविला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या संघाचे धर्मगुरु औरंगाबादेकडील घोगरगांवास आले व मराठवाड्यांत कॅथॉलिक मिशननें मूळ धरलें. पुढें १९५५ सालीं अमरावतीचा धर्मप्रांत झाला, आणि १७ डिसेंबर १९७७ रोजीं औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण होऊन डॉमनिक आब्रेओ हे त्याचे पहिले महागुरु झाले.

या मिशनांनीं खेड्यांतील ज्या घरांत पाटी कधीं गेली नव्हती तेथें पाटी नेली. परंतु शाळेच्या पुढच्या वाटा त्या दिवसांत दोन-तीनच होत्या. चांगलें लिहितां-वाचतां येणारा मुलगा मिशनचा मास्तर होई. आठवडाभर शाळा घेई व फादर गांवीं नसतील त्या रविवारीं प्रार्थना चालवी. एखादा सेमिनरींत जाई. मुलगी दवाखान्यांत नर्स होई किंवा मठांत सिस्टर. बाकीचीं मुलें शेतावर परत जात. या वाटा लहान होत्या म्हणून त्यांना नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. त्या मास्तरांच्या खांद्यांवरच आजची ख्रिस्तसभा उभी आहे. तथापि एक गोष्ट मोकळ्या मनानें कबूल करावी. मिशनला मास्तर पाहिजे होता म्हणून मुलगा मास्तर झाला. त्याचा हात सुतारकामांत चालतो कीं त्याचें डोकें गणितांत, ही विचारपूस करण्यास कोणाला सवड नव्हती. पाचारण हा शब्दहि आपण धर्मगुरु व धर्मभगिनी यांच्यापुरताच राखून ठेविला. सुताराला, शिक्षकाला, शास्त्रज्ञालाहि देवाचें पाचारण असतें, हें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२–६५) स्पष्ट केलें. पण घरोघरीं तें अजून पोंचावयाचें आहे.

अशी विचारपूस धर्मगुरूला करतां येते, याचा दाखला ख्रिस्तसभेंत पूर्वींपासून होता. इटलींतील ट्युरिन शहरीं संत जॉन बॉस्को यांच्याभोंवतीं अनाथ व गरीब मुलें जमत. त्यांना दोन घांस देऊन व प्रार्थना शिकवून ते थांबले नाहींत. १८५१ व १८५२ सालीं त्यांनीं या मुलांसाठीं कारागिरांशीं लेखी करार केले. ते कागद आजहि जपलेले आहेत. मालकानें मुलाला धंदा खरोखर शिकवावा, धंद्याशीं संबंध नसलेलीं कामें त्याच्या माथीं मारूं नयेत, चुकल्यास शब्दानें समज द्यावी, सणावारीं सुटी द्यावी, मजुरी ठराविक काळानें वाढवावी, अशीं कलमें त्यांत होतीं. आणि मुलाच्या वतीनें खुद्द डॉन बॉस्को सही करीत. उपदेश करणें सोपें; जामीन राहणें कठीण. वाट दाखविणाऱ्यानें कांहीं अंशीं जामीनहि राहावें लागतें, हें त्या कागदांवरून कळतें.

आतां मुंबईतील एक प्रसंग पाहूं. कारण त्याचा धागा मराठवाड्यापर्यंत येऊन पोंचतो. चर्नी रोडच्या बागेंत एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर वाचीत बसे. तेथें येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर नांवाच्या शिक्षकांनीं त्याची विचारपूस केली, ओळख वाढविली व त्याला पुस्तकें दिलीं. १९०७ सालीं तो मॅट्रिकच्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झाला. त्याच्या सत्काराच्या सभेंत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्याला भेट दिलें. पुढें कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हां याच गृहस्थांनीं खटपट करून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. त्या जोरावर तो एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाला, आणि १९१३ सालीं बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठास गेला. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर.

येथें बुद्धि आंबेडकरांची, कष्ट आंबेडकरांचे, द्रव्य महाराजांचें. मग केळुसकरांचें काय? त्यांनीं मुलाला पाहिलें, त्याच्याशीं बोलले आणि द्रव्य कोठें मिळतें हें ठाऊक असल्यानें त्याला त्या दारापर्यंत नेलें. एवढेंच. परंतु हें एवढें झालें नसतें तर पुढचें कांहींच सोपें नव्हतें. आणि या एवढ्याशा कृत्याचें फळ मराठवाड्याला मिळालें. ज्याला वाट दाखविली गेली त्यानेंच १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, आणि १९५० सालीं औरंगाबादेस कॉलेज काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. खेड्यापाड्यांतील जीं मुलें पुण्या-मुंबईस जाऊं शकत नव्हतीं त्यांना आपल्याच मुलखांत कॉलेजचा उंबरठा दिसला.

त्याच १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ आलें, आणि १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें निराळें विद्यापीठ झालें. ज्या औंढ्याहून पदवीसाठीं हैदराबादची वाट धरावी लागे त्याच्या शेजारच्याच जिल्ह्यांत विद्यापीठ येऊन बसलें. दारें वाढलीं, हें खरें. पण दारें वाढलीं तसा गोंधळहि वाढला. एकच दार असतें तेव्हां तें उघडें कीं बंद, एवढेंच पाहावयाचें असतें. पन्नास दारें असतात तेव्हां कोणतें आपलें, हें ओळखावें लागतें.

ही ओळख करून देण्याचें एक शास्त्रच झालें आहे. बोस्टन शहरीं फ्रँक पार्सन्स यांनीं १९०८ सालीं तरुणांना व्यवसाय निवडण्यास साह्य करणारी कचेरी काढली. त्यांचें म्हणणें साधें होतें: मुलानें स्वतःला ओळखावें, निरनिराळ्या कामांची खरी माहिती मिळवावी, आणि मग दोहोंचा मेळ घालावा. मुंबईस १९४१ सालीं बाटलीबॉय यांनीं अशी कचेरी चालविली. १९४७ सालीं पारशी पंचायतीनें आपल्या मुलांसाठीं काढली. १९५० च्या सुमारास मुंबई सरकारनेंहि हें काम हातीं घेतलें. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगानें व १९६४–६६ च्या कोठारी आयोगानें शाळाशाळांतून मार्गदर्शन असावें, अशी शिफारस केली. पारशी समाज संख्येनें केवढा लहान! परंतु आपलीं मुलें पुढें काय करणार याची चिंता त्यानें पंचायतीच्या कामकाजांत घेतली. हा कित्ता आपण गिरविण्याजोगा आहे.

कारण शहरांत निघालेल्या या सोयी खेड्यांत क्वचितच पोंचल्या. तेथें निकालानंतरचे पंधरा दिवस कसे जातात हें सर्वांना ठाऊक आहे. शेजारचा मुलगा विज्ञानाला गेला म्हणून आपलाहि जातो. मुलगी हुशार, पण तालुक्याच्या गांवीं कशी पाठवावी म्हणून घरींच राहते. दहावीनंतर आय. टी. आय. मध्यें वर्ष-दोन वर्षांत हाताला कसब येतें; तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेतली तर पुढें इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मागतां येतो; अकरावीला गणित सोडलें तर इंजिनियरिंगचें दार बहुतेक लागतें, आणि जीवशास्त्र सोडलें तर डॉक्टरीचें. हीं कांहीं गूढ ज्ञानें नव्हेत. पण वेळेवर न कळल्यास पंधराव्या वर्षीं घेतलेला निर्णय जन्मभर पुरतो.

याहून नाजूक गोष्ट कागदांची आहे, आणि ती आपल्या समाजाला विशेष लागू आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदु धर्मापुरत्या ठेवण्यांत आल्या. पुढें १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध बांधवांना त्यांत स्थान मिळालें. ख्रिस्ती झालेलीं कुटुंबें बाहेर राहिलीं. हें दुःख जुनें आहे व त्यासाठीं झगडाहि जुना आहे. परंतु महाराष्ट्रांत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गांत स्थान दिलेलें आहे, आणि अनुसूचित जमातींचा हक्क तर धर्मावर अवलंबून नाहीं. हें ज्या घरांना ठाऊक नसतें त्यांचा मुलगा मिळण्याजोगी सवलतहि गमावतो. प्रवेशाची यादी लागल्यावर दाखल्यासाठीं धांवाधांव सुरू होते, आजोबांच्या शाळेचा दाखला सांपडत नाहीं, मुदत टळते. गुण होते, जागा होती, कागद नव्हता! अशा वेळीं आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या वह्या व मिशनशाळांचीं दप्तरें घराण्याचा माग काढण्यास उपयोगी पडूं शकतात, हें ध्यानीं ठेवावें. मात्र शोध नववींतच घेतला पाहिजे.

आतां तें नवें कारण. १४ सप्टेंबर १९१५ नव्हे, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, अमेरिकेंतील लायगो नांवाच्या दोन यंत्रांनीं गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या. आइन्स्टाइननें आपला व्यापक सापेक्षतेचा सिद्धान्त १९१५ सालीं मांडला होता. त्याच्या भाकिताला शंभर वर्षांनीं प्रत्यक्ष पुरावा मिळाला. तसेंच यंत्र भारतांत उभारण्यासाठीं जी जागा निवडली गेली ती औंढा नागनाथाजवळील दुधाळा येथील. ६ एप्रिल २०२३ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या या योजनेस मंजुरी दिली. एकमेकांशीं काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. त्यांतून जवळजवळ सर्व हवा काढून टाकलेल्या नळ्या. त्यांतून धांवणारा लेसरचा किरण. आणि अणूच्या गर्भाहूनहि सूक्ष्म हालचाल ओळखण्याची शक्ति, असें हें यंत्र आहे. पुण्याची आयुका, तसेंच इंदूर व गांधीनगर येथील संशोधनसंस्था या कामांत आहेत.

जगांतील विद्वान औंढ्याचें नांव घेऊं लागले, याचा अभिमान कोणाला वाटणार नाहीं? पण अभिमानाबरोबर एक प्रश्नहि मनांत यावा. त्या कुंपणाच्या आंत आमचीं मुलें कोणत्या नात्यानें जाणार? केवळ माती वाहण्यास व दारावर पहारा करण्यास? तीं कामेंहि मानाचींच आहेत. परंतु तेवढींच आमच्या वांट्याला येऊं नयेत. अशा यंत्राला खगोलशास्त्रज्ञ लागतात, तसे सांधे जोडणारे कुशल वेल्डर, वीजतंत्री, संगणक जाणणारे, हिशेब ठेवणारे हेहि लागतात. पदार्थविज्ञानाचा पंडित होण्यास बारावीनंतर दहा-अकरा वर्षें लागतात. वेल्डर होण्यास दहावीनंतर एक वर्ष. दोन्ही वाटा एकाच दाराशीं जातात. त्या कोठून सुरू होतात तें मात्र आजच्या आठवीतल्या मुला-मुलीला आजच सांगितलें पाहिजे.

म्हणून महोत्सवाच्या निमित्तानें आमची एक नम्र सूचना आहे. तिला इमारत नको, मोठा निधि नको. धर्मग्रामानें ती न लिहिलेली वही आतां सुरू करावी. नववीच्या पुढच्या प्रत्येक मुला-मुलीचें नांव तींत असावें. कशांत रस आहे, कोणते कागद आहेत, कोणते नाहींत, हें त्यापुढें लिहावें. आपल्यांतून पुढें गेलेले शिक्षक, नर्स, कारागीर, बँकेंतील कारकून यांनीं वर्षांतून दोन रविवारीं मिस्सेनंतर तासभर बसावें आणि आपण कसे गेलों, कोठें चुकलों, किती खर्च आला, हें खरें खरें सांगावें. मुलीचें पान मुलाच्या पानाइतकेंच भरलेलें असावें. आणि दर वर्षीं ती वही उघडून, कोण कोठें पोंचलें व कोण मागें राहिलें, हें पाहावें. जो मागें राहिला त्याच्या घरीं कोणी तरी जावें.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत धन्यानें चाकरांस दिलेल्या रुपयांचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलों. ज्यानें आपला ठेवा जमिनींत पुरून ठेविला तो आळशी होता खरा. पण तो भ्यालेलाहि होता, असें तोच धन्यापुढें सांगतो. आमच्या मुलांतील कित्येकांचें देणें असेंच भीतीपोटीं व अज्ञानापोटीं पुरलें गेलें आहे. तें पुरलें जात असतां आपण जवळ उभे होतों काय, हा प्रश्न त्या दिवशीं आपणांसहि विचारला जाईल. थापटणें तर दरवर्षीं मार्च महिन्यांत वाजतच असतें. पुढच्या महोत्सवाचें पुस्तक निघेल तेव्हां त्यांत धर्मगुरूंच्या नामावळीशेजारीं या वहीचेंहि एक पान छापलें जावो, आणि तें वाचतांना कोणा मुलाला असें म्हणतां येवो कीं, मला माझ्या धर्मग्रामांत विसोबा भेटला. प्रभु आपल्या या कार्यास यश देवो.